रिव्हर्सची टकटक

मी बोलतेय, गॅरेजमधली लाल गाडी. दोन दारं, दोनच सीटा, बॉनेट लांबलचक. वय विचारू नका, सांगते तेवढं ऐका.

पैज लावली धाकट्यानं. धाकटा म्हणजे माझ्या मालकांचा भाऊ. मालकांना सगळे मास्तर म्हणतात. चाळीस वर्षं लोकांना गाडी शिकवली त्यांनी. धाकटा शेजारी बसून म्हणाला, "दादा, गाडी पुढं पळतेय तोवर रिव्हर्स टाकून दाखव. नाही जमायचं तुला."

शहाणा माणूस हसून सोडून देतो. मास्तरांनी टाकला.

कर्रर्र. माझ्या गिअरबॉक्समधला एक दात खलास. धाकटा दुसऱ्या दिवशी आपल्या घरी पळाला. साक्षीदार उरले मी एकटी.

मग मीही ठरवलं, गप्प बसायचं नाही. मास्तर मला मागं काढायला लागले की टक, टक, टक. अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशी.

"म्हातारी झाली ती," मास्तर घरात म्हणाले. "रविवारी भंगारवाला येतोय."

म्हातारी? स्वतः जिना चढताना दोनदा टेकतात, मी कधी काही बोलले?

सूनबाई मात्र अडून बसली. मास्तर सोडले तर मला चालवणारी ती एकटीच. "बाबा, आधी मिस्त्रीला दाखवू. तो म्हणाला झिजली, तर खुशाल विका."

मिस्त्री आला. पहिला टाकला, दुसरा, तिसरा. मी मुद्दाम लोण्यासारखी चालले. रिव्हर्स टाकला तसा घसा मोकळा केला. त्यानं खाली शिरून गिअरबॉक्सचं ऑइल काढलं. तळाच्या बोल्टाला लोहचुंबक असतं, त्याला चिकटलेला तुकडा त्यानं फडक्यावर ठेवला.

"मास्तर, म्हातारपणानं दात झिजतो. हा मोडलाय. गाडी पुढं जाताना कुणीतरी रिव्हर्स टाकलाय. तेवढा गिअर बदलू, बाकी खणखणीत आहे."

'कुणीतरी' म्हणताना त्यानं सूनबाईकडं बघितलं.

"मी नाही," ती म्हणाली आणि चावी बॉनेटवर ठेवली. "पण बाबा, तुम्हाला तसं वाटत असेल तर ही घ्या."

मास्तरांनी चष्मा पुसला. परत पुसला. बोला की मास्तर, दात माझा गेलाय, वाचा तुमची नाही.

"मी टाकला," ते म्हणाले. "धाकट्याच्या पैजेपायी. गाडी थांबल्याशिवाय रिव्हर्सला हात लावायचा नाही, हे चाळीस वर्षं लोकांना बजावलं मी, आणि वर खापर हिच्या वयावर फोडलं. चावी उचल, सूनबाई. भंगारवाल्याला मी सांगतो."