बिनगोड सिल्वानर

बुडुक… बुडुक… मला आठवतो तो पहिला आवाज माझाच होता. तळघरातल्या ओकच्या पिंपात मी आंबत होतो आणि आतली हवा बुडबुड्यांनी बाहेर पडत होती. मी सिल्वानर बोलतोय, जर्मनीतल्या माइन नदीकाठची पांढरी वाइन. बोलतो हळूच, घाई मला कधी जमली नाही.

माझी द्राक्षं चुनखडीच्या उतारावर पिकली. तिथल्या दगडांत अजून शिंपले सापडतात. घड तोडले रोस्विथाने, आणि पिंपाला कान लावून माझी विचारपूस करायची तीही तीच.

त्या काळी गोड वाइनची चलती होती. लोक न आंबलेला थोडा रस राखून ठेवत आणि गोडीसाठी तयार वाइनमध्ये ओतत. रोस्विथाचे वडील बुर्कार्ड, त्यांनीही रस राखला होता. मी मात्र आंबता आंबता माझी सगळी साखर संपवूनच गप्प झालो, गोडी म्हणून उरली नाही.

"बाबा, याच्यात काही ओतू नका," ती म्हणाली. "आपल्या उताराची चव आहे ही. झाकायची कशाला?"

"तुला आवडून काय उपयोग गं? गिऱ्हाइकाला आवडायला हवी."

शेवटी ठरलं. वसंतात, शतावरीच्या कोवळ्या कोंबांच्या हंगामात, इथे वाइन मिळते याची खूण म्हणून दारावर हिरव्या डहाळ्यांची जुडी टांगायची, घरातच बाकं मांडायची आणि मला आहे तसा वाढायचं. पिंप संपलं तर रोस्विथाचं खरं. नाहीतर उरलेल्यात रस, आणि पुढे कायम गोडच.

पहिल्याच दुपारी शेजारचे एगिड आले. एक घोट घेऊन त्यांनी डोळे घट्ट मिटले.

"बुर्कार्ड, ही प्यायला तीन माणसं लागतात. एक पिणारा, एक त्याला धरणारा आणि एक घशात ओतणारा."

सगळी बाकं हसली. रोस्विथाचे कान लाल झाले.

"रिकाम्या पोटी कसली पारख करता, एगिडकाका?" म्हणत ती स्वयंपाकघरात गेली.

आली ती ताटं घेऊनच. शतावरीचे पांढरे कोंब, वर पातळ केलेलं लोणी, हॅमचे काप, नवे बटाटे. लोण्याने जीभ जड झाली की मी ती धुऊन काढायचो. शतावरीचा किंचित कडवटपणा माझ्यापाशी येऊन निवायचा. मग आले कांदा-व्हिनेगरात शिजवलेले सॉसेज. व्हिनेगरपुढे भल्याभल्या वाइन मान टाकतात. मी टाकली नाही. बाकांवरची थट्टा थांबली आणि रिकाम्या सुरया परत येऊ लागल्या.

बुर्कार्डना राहवेना. त्यांनी गुपचूप एका सुरईत राखलेला रस मिसळला आणि ती एगिडपुढे नेऊन ठेवली. तिच्यातही मीच होतो, पण मला माझीच ओळख पटेना.

एगिडनी सॉसेज खाल्लं, घोट घेतला आणि पेला दूर सारला.

"हे काय सरबत? तोंडात दोन सवती भांडतायत. मघाचीच आण, पोरी."

"मघाची? ती तीन माणसांची?"

"तीच गं. माणसं मी आणतो."

आणि खरंच आणली त्यांनी. भाऊ, मेहुणे, नदीपलीकडचे सोयरे. शतावरीचा हंगाम सरला तेव्हा पिंप ठोकलं की पोकळ वाजत होतं.

आता मी त्या वर्षाची शेवटची बाटली आहे, रोस्विथाने आठवण म्हणून पिंपातून भरून ठेवलेली, चपट्या पोटाची. या घरात पुन्हा कधी रस राखला गेला नाही. मागणं एवढंच, की मला उघडाल तेव्हा शेजारी भरलेलं ताट असू द्या. एकटा मी थोडा तुसडा वाटतो.

हंगामाच्या त्या शेवटच्या संध्याकाळी पाहुणे गेल्यावर बुर्कार्ड जेवायला बसले. हातानेच शतावरी उचलून खाल्ली, मग पेला उचलला. रोस्विथा दाराशी उभी होती.

"बाबा, पुढच्या वर्षी रस राखायचा का?"

त्यांनी पेला रिकामा केला. सुरईत उरलेला मी त्यांनी पेल्यात काठोकाठ ओतून घेतला, तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि पेला सांभाळत मळ्याचा उतार चढू लागले.