सरळ लागलेला टॉर्पेडो

आमच्या गावात फौजेतून परत आलेला प्रत्येक माणूस मेजर असतो. हवालदार असो, स्वयंपाकी असो, घरी आला की मेजर. माझे आजोबा लालासाहेब नौदलात होते, तेही पाणबुडीवर, पण गाव कशाला विचारतंय? त्यांनाही मेजर केलं. फक्त त्यांच्या पदवीला एक शब्द जास्तीचा जोडला: फुसके मेजर.

कारण आबांनी खरं सांगितलं. बाकीचे मेजर पारावर बसून रणगाडे उडवायचे. आबा म्हणाले, लढाईत आमच्या पाणबुडीनं टॉर्पेडो सोडला, तो शत्रूच्या जहाजावर मधोमध, अगदी सरळ जाऊन आदळला. लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. फुटला मात्र नाही. मग त्या जहाजानं बॉम्ब सोडले, पाणबुडीच्या मागच्या कप्प्यात पाणी शिरलं आणि आबांचा जिवलग हरिबा तिथंच बुडाला. टॉर्पेडोच्या तोंडाशी धडकेनं स्फोट घडवणारी पिन असते, ती आबांनी बसवली होती. चौकशीत ठरलं, जोडणीत चूक. आबांनी मुकाट्यानं मान्य केलं आणि पलूसला, हरिबाच्या घरी, पुन्हा कधी पाऊल टाकलं नाही. मला गावाचा राग येतो, पण आबांच्या त्या मुकाटपणाचा जास्त येतो.

मी शिरवळच्या एका कारखान्यात चाचणी विभागात आहे. आम्ही तसलीच पिन बनवतो, नव्या टॉर्पेडोसाठी. माल रवाना व्हायच्या आदल्या रविवारी मी गावी गेले होते. आबांनी विचारलं, "कसं आपटून बघता गं?"

"तिरकं. उतरत्या रुळावरून सोडतो. तिरका मार सगळ्यात अवघड. तिरकं लागून चालतंय म्हणजे सरळ लागून चालणारच."

"आमचं सायेब बी हेच म्हनायचं. आमचा सरळच लागला हुता."

"आवं आबा, त्याला जमाना झाला."

"सरळ आपटून बगितलंस का, एवढंच इचारतोय."

"जेवू द्या की पोरीला," आजी म्हणाली. विषय तिथंच थांबला, पण माझं डोकं फिरलं होतं. सोमवारी निव्वळ त्यांना गप्प करायचं म्हणून मी पोलादाचा पत्रा जमिनीवर आडवा टाकला आणि त्यावर खोबणीत बसवलेली पिन उंचावरून सरळ खाली सोडली. चाचणीत आम्ही स्फोटकाच्या जागी खेळण्यातल्या पिस्तुलात असते तशी टिकली लावतो. ती वाजली नाही. पिन खोबणीतच वाकून अडकली होती. दुसरी सोडली, तीही वाकली. आमचा माल फुसका निघाला होता आणि आबांचा टॉर्पेडो का फुटला नसेल ते कळल्यानं मला आनंद झाला होता. त्या आनंदाची लाजही वाटली.

आमचे साहेब, पारस चौगुले, यांनी वाकलेल्या पिना पाहिल्या आणि पहिला प्रश्न विचारला, "बसवल्या कुणी?"

"मी."

"मग जोडणीत चूक असणार. तसं लिही आणि माल जाऊ दे."

माणूस वाईट नाही. ट्रक फाटकात उभा होता आणि त्यांनी वरिष्ठांना शब्द दिला होता. मी बाहेर येऊन घरी फोन लावला. "आबा, सरळ पडली की वाकते. दोन्ही वाकल्या."



"सायेब काय म्हनलं?"

"जोडणीत चूक."

"कुनी बसीवल्या हुत्या?"

"मीच."

"तुजी चूक न्हाई, पोरी. तुजी न्हाई. आता एक कर. सायबालाच त्येच्या हातानं बसवाय लाव. मला तवा बोलायचा धीर झाला न्हाई."

मी आत गेले. "सर, एक तुम्ही बसवा."

पारससरांनी माझ्याकडे रागानं पाहिलं, पण त्यांना स्वतःच्या हाताचा भरवसा होता. निगुतीनं बसवली, पुन्हा तपासली, सरळ सोडली. टिकली वाजली नाही. वाकलेली पिन ते बराच वेळ बोटांत फिरवत राहिले. मग स्वतः फाटकाशी गेले आणि ट्रक आत घ्यायला सांगितला.

ते सांगायला संध्याकाळी फोन केला, तर आजीनं उचलला.

"आबांना दे गं."

"घरात न्हाईत," ती म्हणाली. "दुपारच्या एस्टीनं पलूसला गेल्यात. हरिबाच्या घरी."