उमरेडकरांचा पाहुणचार

चंपतरावानं त्या हिवाळ्यात चुलीशी कट्टी केली, आणि तीही कोणाच्या चुलीशी? तर सख्ख्या बायकोच्या! गोळीबार चौकातल्या गोपिकाच्या सावजी खानावळीची तर्री अशी, की खाणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आणि तोंडात 'आणखी वाढा'. आणि तिचाच नवरा, विणकरांच्या कबड्डी संघाचा कप्तान, दारातल्या बाकावर बसून कच्चं गाजर कचाकचा चावायचा. धरमपेठेत कुण्या निसर्गोपचारवाल्याचं व्याख्यान ऐकून आला होता. शिजवलं की अन्न मरतं, मेलेलं खाऊन दम कुठून येणार, हे तो जेवायला आलेल्या गिऱ्हाइकांनाही ऐकवायचा.

"वहिनी, घरचाच माणूस तुमच्या हातचं खात नाई, मंग आमी काहून खावं?" शेजारचा गिरिधर एक दिवस म्हणाला, आणि सगळे खदखदून हसले. पण पुढच्या आठवड्यात पंगती खरोखरच रोडावल्या. बारा वर्षं घाम गाळून उभी केलेली खानावळ मुळ्या-गाजरांपायी बुडायला निघाली, याचा गोपिकाला राग आला. आपल्या हातचा घास नवऱ्याला नकोसा झाला, याचं तर रडूच आलं.

"रविवारच्या सामन्यात उमरेडवाल्याइच्या हातून हरलो, तर गुमान तुह्या पानावर बसीन," चंपतराव ऐटीत म्हणाला. "पण हरतच नाई ना वं मी!"

झालं! नवरा हरलाच पाहिजे, हे गोपिकानं त्याच घटकेला ठरवलं.

रविवारी दुपारी उमरेडचा संघ एस्टीतून उतरला. सामना चारला. गोपिकानं सगळ्यांना बोलावून आणलं आणि पाटावर बसवलं. "पैशाचं नाव काढू नका, पाहुणे हाय तुमी. अंगात जोर नको का गा?" असं म्हणत तिनं मटण वाढलं, खूर वाढले, वर पाटोडीचा रस्सा ओतला. यांना जोर आला की आमच्या ह्यांना बरोबर दाबून धरतील, असा तिचा हिशोब. उमरेडचा कप्तान बाबनराव 'बस्स, बस्स' म्हणत सहाव्या भाकरीवर आला.

मैदानात बाबनराव पहिल्याच चढाईला गेला. "कबड्डी, कबड्डी, कब्‌..." आणि मध्येच असा ढेकर आला, की दमच तुटला. पंचांनी बाद दिला. दुसरा गडी खाली पडला तो उठेचना. तिसरा चढाई सोडून पाणी मागत होता. रिकाम्या पोटाचा चंपतराव मात्र बकरीच्या पिलासारखा उड्या मारत होता. करायला गेली गणपती अन् झाला मारुती! गोपिका कपाळाला हात लावून बसली. सामना जिंकल्यावर चंपतरावानं हारासकट गाजर उंचावलं, आणि त्याच्या पाच गड्यांनी तिथंच कच्चं खाण्याची शपथ घेतली. ते पाचही जण तिचं रोजचं गिऱ्हाईक!

एस्टी धरण्याआधी बाबनराव खानावळीत आला. "वहिनी, हरलो त्याचं काई नाई. पण दुपारी जेवू घातलं तसं माह्या मायनंबी कधी घातलं नाई," म्हणाला आणि गेला. बाकावरच्या चंपतरावाचं चावणं थांबलं.

"त्याईले काहून जेवू घातलं वं?"

थाप मारता आली असती, पण गोपिकाच्यानं मारवेना. "तुमी हरावं म्हून, जी. मले तुमाले एकदा पानावर बसलेलं पाहाचं होतं."

चंपतरावाला बाबनरावाचा तो ढेकर आठवत असावा. मग त्यानं रस्त्यावर इकडेतिकडे कोणी नाही ना ते पाहिलं, आणि आवाज खाली आणला.

"पुढच्या रविवारी मौद्याचा संघ येऊन राहिला," तो म्हणाला. "त्याईले दुपारी वाढ. मले सामना झाल्यावर."