एका इंचाला दोन फूट

माझा दीर हेमंत आयुष्यभर एकच जीप बनवत आलाय. मोजायला गेलं तर पुष्कळ झाल्यात, कपाटावर, खिडकीत, टीव्हीच्या डोक्यावर, जिथं बघाल तिथं. पण सगळ्या एकच. जव्हार-मोखाड्याच्या रस्त्यांवर माणसं कोंबून नेते ती, पांढरी, टपावर कॅरियर, मागं शिडी. सनबोर्डाच्या जाड पुठ्ठ्याची बॉडी, जुन्या चपलेच्या रबराचे टायर, काचेच्या जागी पारदर्शक प्लास्टिक. आणि माप ठरलेलं, एका इंचाला दोन फूट. त्यात केसाचाही फरक चालायचा नाही. आरसा तांदळाएवढा कमीजास्त झाला तर हा बाबा जेवायचा नाही.

मी म्हणायचे, "भाऊजी, देवानं असे हात दिलेत, जरा एखादं देऊळ करा, बैलगाडी करा, विमान करा. जन्मभर काय ती जीप!"

तो म्हणायचा, "वहिनी, अजून जीपच कुठं नीट जमलीय?"

घ्या! आता अशा माणसाला काय बोलणार?

माझं सगळं उलटं. जव्हारच्या बाजारात माझा गाळा आहे, शाळेची मॉडेलं करून देते. ज्वालामुखी, पवनचक्की, धरण, माणसाचं हृदय, गणपतीला केदारनाथ, जे मागाल ते. मोखाड्याहूनसुद्धा मास्तरलोक येतात. ताजमहाल मी जन्मात पाहिलेला नाही, पण इतके विकलेत की शहाजहाननं माझ्याकडून कमिशन मागावं. माप वगैरे मी काही घेत नाही. नजरेला बरं दिसलं की झालं. हेमंत माझ्या ताजमहालाकडं बघून म्हणायचा, "वहिनी, ह्या दारातून राणीला रांगत जावं लागेल. एक ना धड, भाराभर चिंध्या." मी म्हणायचे, "चिंध्या विकल्या जातात भाऊजी. तुमच्या जिपा कोण घेतं?" असं आमचं चालायचं. माझा नवरा करण मधे बसून हसायचा. तो खरी जीप चालवतो, चालवायचा. भाऊ खोट्या बनवतो आणि मी खरी हाकतो, असं सगळ्यांना सांगायचा.

हे हसणं ह्या श्रावणात संपलं.

करण वांगणीला माणसं सोडून रिकामा परत येत होता. दुपारची वेळ, पाऊस थांबलेला. त्या बाजूच्या मोठ्या वळणावर एक मुलगी डोक्यावर लाकडांची मोळी घेऊन चालली होती. सुकी तिचं नाव. वांगणीजवळच्या पाड्यावरची, विशीतली असेल. जमीन नाही, बाप नाही, माय-लेकी दोघीच, मिळेल त्या मजुरीवर जगणाऱ्या. जिपेनं तिला उडवलं. करणनंच तिला उचलून गाडीत घातलं आणि जव्हारला दवाखान्यात आणलं, पण जीव वाटेतच गेला होता.

घरी आला तेव्हा त्याच्या सदऱ्याला रक्त होतं. भिंतीला टेकून बसला आणि म्हणाला, "डोंगराच्या आड होती गं. वळलो तर एकदम पुढ्यात." मी त्याच्या डोक्यावरून हात फिरवत राहिले. त्याचं खरं मानलं. का नाही मानणार? मामाच्या गावाला जाताना लहानपणापासून मी ते वळण बघत आलेय. तिथं डोंगराचं एक नाक रस्त्यावर आलेलं. पलीकडं हत्ती उभा असला तरी दिसायचा नाही.

पुढच्याच आठवड्यात तिथं दरड कोसळली. वळण, रस्ता, सगळं मातीखाली गेलं. जागा बघायलाच उरली नाही. तपासाला आलेले साहेब नवीन, त्यांनी तो रस्ता कधी पाहिलेला नाही. आमचे वकील म्हणाले, "पंचनाम्याच्या नकाशात नुसतं वळण काढलंय, डोंगराची उंची-बिंची काही नाही. त्याला समोरचं दिसत नव्हतं हे साहेबांना पटलं तर वाचेल. नाही पटलं तर निष्काळजीपणानं जीव घेतला म्हणतील. आत जाईल तो."

आत जाईल! करण जेवेना, दाढी करेना. दारावर थाप पडली की मागच्या खोलीत जाऊन उभा राहायचा. एवढा दांडगा माणूस, लपायचा हो, स्वतःच्या घरात.

मी म्हटलं, "साहेबांना वळण बघायचंय ना? मी दाखवते. सगळ्या जगाचे डोंगर विकले, आपल्या घरासाठी एक नाही करणार?"

गाळा बंद ठेवला आणि डोंगर करायला बसले. थर्माकोल रचला, वरून वर्तमानपत्राचा लगदा, मातीला वाळवलेला चहाचा चोथा, झाडांना हिरवा रंगवलेला स्पंज. इतकं मन लावून मी ताजमहालसुद्धा केला नव्हता. हेमंतनं आपली सगळ्यात चांगली जीप दिली, आत सीट, स्टिअरिंग, सगळं असलेली. तिची मागची बाजू त्यानं मुद्दाम उघडी ठेवली. म्हणजे मागून डोळा लावला की ड्रायव्हरच्या जागेवरून काय दिसतं ते अचूक कळावं.

जीप रस्त्यावर ठेवली. डोळा लावला. समोर काचेतून फक्त डोंगराचं नाक. पलीकडचा रस्ता मुळीच नाही. मी तिथंच रडायला लागले. म्हटलं सुटला माझा नवरा, सुटला!

हेमंत आत गेला. आपला मोबाईल घेऊन आला.

"वहिनी, हे नाक आता नव्हतं तिथं."

"म्हणजे?"

"उन्हाळ्यात फोडलं. रस्ता रुंद करायला मशीन आलं होतं."

"कोण म्हणतं?" ह्या वर्षी मामाकडं जाणं झालं नव्हतं माझं.

त्यानं फोटो दाखवला. आता हा माणूस जिपेशिवाय कशाचा फोटो काढत नाही. लग्नात नवरानवरी सोडून वऱ्हाडाच्या जिपा काढतो. मे महिन्यात करणनं गाडीला नवा बंपर बसवला होता, त्याचं माप हवं म्हणून ह्यानं गाडी नेमकी त्या वळणावर उभी करून काढलेला फोटो. बंपर काय, नंबरप्लेटवरची माशीसुद्धा दिसत होती. आणि मागं डोंगर. सरळ कापलेला, लाल, ताजा. त्याच्या कडेनं रस्ता पार खालपर्यंत मोकळा.

"गाडीची उंची मला पाठ आहे," तो म्हणाला. "तिच्यावरनं मागचं सगळं मोजलं. तुमचं नाक इथून पुढं नको." आणि माझ्या डोंगरावर त्यानं पेन्सिलीनं एक रेघ मारली.

मी भडकले. "तुमच्या मापाला आग लागो! सख्ख्या भावाच्या गळ्याशी आलंय आणि तुम्ही रेघा कसल्या मारता? जन्मभर एका जिपेत डोकं घालून बसलात, माणसं दिसेनाशी झाली तुम्हाला!"

"मला दुसरं येत नाही वहिनी," तो म्हणाला. रागावलासुद्धा नाही. खाली मान घालून आपल्या खोलीत गेला.

मला वाटलं, राहू दे त्याला. पण हात स्वस्थ बसेनात. चाकू घेतला आणि रेघेवरून नाक कापलं. कागदाच्या बोळ्याची एक बाई केली, बोटाएवढी, आणि सुकी जिथं पडली म्हणतात तिथं ठेवली. डोळा लावला. बाई दिसली. जीप मागं घेतली, अजून मागं घेतली, रस्ता संपेपर्यंत मागं घेतली. बाई दिसतच राहिली.

मी करणला हाक मारली. "बघ" म्हटलं, दुसरं काही नाही. तो वाकला. बराच वेळ वाकलेलाच होता. मग तसाच खाली बसला, माझ्याकडं न बघता.

"मोबाईलवर काहीतरी आलं होतं," तो म्हणाला. "बघत होतो. हसत होतो गं मी, हर्षे."

मला काय झालं ते कसं सांगू? त्याला मारावं वाटलं आणि मांडीवर घ्यावं वाटलं, दोन्ही एकदम. आपलेच दात, आपलेच ओठ. बोलायचं कुणाला?

तो डोळे पुसून म्हणाला, "ते नाक लाव परत."

"करण..."

"लाव. मी आत नाही जाऊ शकत. मरेन मी. जागा राहिली नाही, कोण बघायला जातंय? तू कायपण करतेस ना लोकांसाठी? माझ्यासाठी एवढं कर."

मी नाक परत चिकटवलं. फटीवर चहाचा चोथा दाबला. कापलेलं कुणाच्या बापालाही कळलं नसतं. कागदाची बाई चुलीत टाकली. हेमंतनं नाक बघितलं. जीप काही परत मागितली नाही. पण चौकशीला आमच्याबरोबर आला नाही, आणि मीही चला म्हटलं नाही.

साहेबांच्या खोलीत टेबलावर डोंगर ठेवला तर बाहेरचे शिपाईपण बघायला आले. साहेब म्हणाले, "वा! हे कुणी केलं?" वकील म्हणाले, "आरोपीच्या मिसेसनं." साहेब वाकले, एक डोळा मिटला, जीप थोडी मागंपुढं करून बघितली. "खरंच की. काहीच दिसत नाही." वकिलांनी माझ्याकडं बघून हळूच मान हलवली. करणनं कितीतरी दिवसांनी मोठा श्वास घेतला, मला शेजारी ऐकू आला.

सुकीची आई दाराशी खालीच बसली होती. जानी तिचं नाव. पोरगी गेली तेव्हा ती वसईला बांधकामावर होती. उन्हाळ्यापासून तिकडंच, निरोप मिळाल्यावर आली. खुर्ची दिली तरी बसली नव्हती.

साहेब भला माणूस. म्हणाले, "बाई, या, तुम्हीपण बघा. तुमचा हक्क आहे."

जानी उठली. पदर सावरून वाकली. कुठला डोळा मिटायचा ते तिला कळेना, मीच तिच्या एका डोळ्यावर हात धरला. तिची कातडी तापलेली होती. बघून झाल्यावर तिनं मला विचारलं, "माझी सुकी कुठं व्हती यात?"

मी नाकाच्या पलीकडं बोट दाखवलं.

ती परत वाकली, परत बघितलं. मग सरळ झाली आणि म्हणाली, "मंग नायच दिसली त्याला."

ती करणसमोर गेली. मला वाटलं आता मारते की काय. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"वसईहून येताना गाडीत सगळ्या वाटेनं तुला शिव्या घातल्या रं बाबा," ती म्हणाली. "तुझं वाटोळं हो म्हटलं. तुझ्या बायकोचं कुकू पुसो म्हटलं. मला काय ठावं, डोंगर आडवा व्हता. माझ्याच पोरीची चूक. गाडीचा आवाज आला तं कडंला उभं राहावं, येवढं पण मी तिला शिकवलं नाय. मला माफ कर." आणि तिनं हात जोडले. माझ्या नवऱ्याला. सिमेंटनं फुटलेले हात.

आणि करण म्हणाला, "जाऊ दे, मावशी. झालं ते झालं."

माफ केलं त्यानं तिला! ऐकलंत का? माझ्या नवऱ्यानं त्या बाईला माफ केलं. डोळे ओले करून, मोठ्या मनानं. आणि ती मान हलवत होती, बरं वाटल्यासारखी. आता ही पाड्यावर जाऊन सांगणार, माझीच पोरगी आंधळी होती म्हणून. मरेपर्यंत हेच सांगणार.

माझा हात पुढं गेला. डोंगराचं नाक धरलं आणि ओढलं. कडकन आवाज झाला, चहाचा चोथा साहेबांच्या कागदांवर सांडला. वकील ओरडले, "अहो, काय करताय!"

"साहेब, आता बघा," मी म्हटलं.

"काय आहे हे, बाई?"

"बघा म्हणते ना! आता बघा." माझा आवाज फाटला होता. मी जीप मागं ओढली, रस्त्याच्या टोकापर्यंत, आणि सुकी होती तिथं माझं बोट टेकवलं.

साहेब एकदा माझ्याकडं, एकदा वकिलांकडं बघून वाकले. मग म्हणाले, "बोट दिसतंय तुमचं."

"नाक नव्हतं तिथं. उन्हाळ्यातच फोडलंय. फोटो आहे, माझ्या दिराकडं."

मागून करण "हर्षे" म्हणाला. हाक मारताना तो नेहमी म्हणतो तसंच, हळू. जानी टेबलाजवळ आली होती. साहेबांच्या शेजारी वाकून, ह्या खेपेला स्वतःच एक डोळा दाबून धरून, ती काचेतून बघायला लागली. मी बोट तिथून काढलं नाही.