तिसऱ्या मंगळवारची मंडई

उत्कर्षा दर तिसऱ्या मंगळवारी मंडईत जायची. धायरीत त्यांच्या इमारतीखालीच भाजीची गाडी उभी राहत असताना ही पोरगी बस बदलून भाजीसाठी शहरात का जाते, हा प्रश्न तिच्या सासूला, द्वारकाबाईंना, सुरुवातीचे सहा महिने पडला. मग त्यांनी तो सोडून दिला. घरात दोनच बायका, मुलगा योगेश दिवसभर हिंजवडीला. सुनेला जरा बाहेर पडावंसं वाटत असेल, असं त्यांनी ठरवून टाकलं.

त्या मंगळवारीही ती सकाळी दहाला निघाली. सदाशिव पेठेतल्या एका जुन्या दवाखान्यात नंबर लावून बसली, आत जाऊन कमरेत इंजेक्शन घेतलं आणि तशीच लंगडत मंडईपर्यंत गेली. मेथीच्या दोन जुड्या, पावशेर आलं, थोडा घेवडा. भरलेली पिशवी दिसली की घरात कोणी काही विचारत नाही, हे ती शिकली होती.

"एवढं वझं काहून आणतं वो? पाय ओढून राहिली," द्वारकाबाई दारातच म्हणाल्या.

"बसमध्ये उभं राहावं लागलं, आई," उत्कर्षा म्हणाली आणि मेथी निवडायला बसली.

लग्नाला दीड वर्ष झालं होतं. अकरा वर्षांची असताना वाशीमला, माहेरी, तिचे गुडघे सुजले होते, ताप येत होता. अकोल्याच्या डॉक्टरांनी सांगितलं की या तापाने हृदयाची एक झडप आवळली आहे. ताप परत येऊ नये म्हणून दर एकवीस दिवसांनी इंजेक्शन घ्यायचं, वर्षानुवर्षं घ्यायचं. वडिलांनी, बद्रीनाथांनी, एकही तारीख चुकू दिली नाही. शाळेत कारकून असलेला हा माणूस मुलीला सायकलवर बसवून दवाखान्यात न्यायचा. लग्नाची बोलणी सुरू झाली तेव्हा याच प्रेमळ बापाने डॉक्टरांची फाईल ट्रंकेच्या तळाशी ठेवली. छत्तीसपैकी अठ्ठावीस गुण जुळले. मुलीची उंची, रंग, शिक्षण, स्वयंपाक, सगळं विचारून झालं. तब्येत कुणी विचारली नाही, आणि यांनी सांगितली नाही. आपल्याकडे याला फसवणूक म्हणत नाहीत, जमवून घेणं म्हणतात.

"लगन झालं म्हणजे सारं बरं होते," आई दुर्गाबाई म्हणाल्या होत्या. "फक्त सुई चुकवजो नको."

म्हणून मंडई.

योगेशने नवी कंपनी धरली ते वर्ष दोन हजार नऊ. कंपनीने सगळ्या घराचा आरोग्य विमा काढला आणि एक दिवस त्याने तीन प्लॅस्टिकची कार्डं आणि एक इंग्रजी पुस्तिका घरी आणली. "आता हॉस्पिटलमध्ये फक्त हे कार्ड दाखवायचं. कॅशलेस," तो ऐटीत म्हणाला आणि पुस्तिका फ्रिजवर ठेवून दिली. ती त्यानेही वाचली नव्हती. आपल्या शहरात कॉम्प्युटरची अवघड भाषा शिकलेली हजारो पोरं आहेत. विम्याचं पुस्तक उघडायला मात्र त्यांना कधी वेळ मिळत नाही.

उत्कर्षाने ती वाचली. दुपारी डिक्शनरी घेऊन, ओळीवर बोट ठेवून वाचली. 'प्री-एक्झिस्टिंग डिसीज' या शब्दांपाशी तिचं बोट थांबलं. आधीपासूनचा आजार. पुढचं वाक्य चार ओळींचं होतं आणि ते तिला उलगडेना. खालच्या मजल्यावरचे श्रीधरकाका निवृत्तीनंतर विम्याची एजन्सी चालवत. मूळचे पेठेतले, बोलणं तसंच. जिन्यात भेटले तेव्हा तिने सहज विचारल्यासारखं विचारलं.

"आधीचा आजार म्हणजे पॉलिसी घ्यायच्या आधी असलेला. तो सांगितला तर चार वर्षं थांबा. लपवला आणि सापडला तर क्लेम नामंजूर, पॉलिसी रद्द, वर खुलासा मागणारं पत्र घरी," काका म्हणाले. "लोकांना वाटतं कंपनीला कळत नाही. अहो, ते दवाखान्यांची रजिस्टरं काढून वाचतात. आपल्यासारखे न वाचता सही करत नाहीत."

काका खोटं बोलले नव्हते. ते विकत होते त्या पॉलिसीबद्दल बोलले होते, आणि उत्कर्षाची पॉलिसी वेगळी होती, एवढंच. पण तेवढं विचारायला आधी आपला आजार सांगावा लागला असता.

जिना चढताना ती मधल्या पायरीवर थांबली. रजिस्टर! सदाशिव पेठेतल्या त्या दवाखान्यात दर तिसऱ्या मंगळवारी तिचं नाव, पत्ता, वय सगळं लिहिलं जात होतं. उद्या ती वही कुणी उघडली तर पत्र या घरात येणार, योगेशच्या हातात पडणार. सासूबाई आपल्याला वाशीमच्या गाडीत बसवून देतील, हे चित्र तिला भर दुपारी दिसू लागलं. त्यात धाकट्या अपूर्वाचं लग्न जमवायचं चाललेलं. मोठी बहीण आजारपण लपवलं म्हणून परत आली, हे कळल्यावर तिला कोण करून घेईल?

पुढच्या तिसऱ्या मंगळवारी ती मंडईत गेली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. सुई चुकली. आणि त्याच सुमाराला तिला दिवस गेले.

सगळं घर आनंदात होतं. द्वारकाबाईंनी डिंकाचे लाडू केले, वाशीमला फोन केले. उत्कर्षा हसायची आणि पोस्टमन आला की सगळ्यांच्या आधी दारात जायची. श्रावणात तिचा घसा धरला, चार दिवस ताप आला. नंतर दोन जिने चढले की छातीत पाखरू फडफडायचं. उशीला टेकून झोपावं लागायचं. "पयल्या खेपेला होते असं," द्वारकाबाई म्हणायच्या. दर महिन्याच्या तपासणीत डॉक्टरीणबाई विचारायच्या, "काही जुना आजार?" आणि ती मान हलवायची. बाहेर ओळीत तीस बाया बसलेल्या. डॉक्टरीणबाई पुढे लिहायच्या.

सातव्या महिन्यात एका दुपारी, पोळ्या लाटताना, तिच्या पोटात कळ आली. मग दुसरी. द्वारकाबाईंनी गॅस बंद केला, रिक्षा बोलावली, योगेशला फोन केला आणि कार्ड तेवढं आठवणीने कमरेला खोचलं.

हॉस्पिटलमध्ये विम्याची वेगळी खिडकी होती. तिथे नम्रता नावाची एक चष्म्यातली मुलगी बसे. उत्कर्षाला व्हीलचेअरवर बसवून तिच्यासमोर आणलं.

"हा मंजुरीचा फॉर्म. विमा कंपनीच्या वतीने काम करणाऱ्या ऑफिसला पाठवायचा असतो," नम्रता भराभर विचारू लागली. "आधीचा काही आजार? बीपी, शुगर, दमा, हृदय?"

"काही नाही. ठणठणीत आहे माही सून," द्वारकाबाईंनी उत्तर देऊन टाकलं.

नम्रताने पेन उचललं, पण लिहिलं नाही. ती उत्कर्षाच्या तोंडाकडे बघत राहिली. या खिडकीवर तिने असे चेहरे पुष्कळ पाहिले होते. "आजी, तेवढी त्या काउंटरवरून कार्डाची झेरॉक्स आणता का?" ती म्हणाली. द्वारकाबाई गेल्या.

"ताई, नाही लिहू?"

उत्कर्षाने आधी झेरॉक्सच्या काउंटरकडे पाहिलं. "आधीचा आजार निघाला तर... घरी पत्र येतं का?"

"कुणी सांगितलं? तुमची ग्रुप पॉलिसी आहे, कंपनीने सगळ्यांसाठी मिळून काढलेली. तुमच्या पॉलिसीत आधीचा आजार पहिल्या दिवसापासून धरलाय. वेटिंग पीरियड नाही. बाळंतपणही आहे. हे बघा." घरी फ्रिजवर होती तशीच पुस्तिका तिने उघडून ते चार ओळींचं वाक्य दाखवलं. "असेल ते सांगा. तुमचं काहीही जाणार नाही."

सहा महिने ज्या भीतीने तिला गिळलं होतं ती अशी एका मिनिटात संपली. उत्कर्षाला रडू यायला हवं होतं, पण तिला आणखीच भीती वाटली. कारण विम्याची भीती गेल्यावर तिला कळलं की आपण खरं कुणाला घाबरतोय. झेरॉक्स घेऊन द्वारकाबाई परत येत होत्या.

"नाही. काही आजार नाही," ती म्हणाली.

वर खोलीत नेल्यावर वाशीमहून फोन आला. योगेशने सासऱ्यांना कळवलं होतं.

"बाई, घाबरू नको," बद्रीनाथ म्हणाले. "आन् कोणाले सांगू नको. अपूर्वाचं चिंचवडच्या घरी जमून राहिलं. दोन महिने फक्त. मंग मी सोता येऊन सारं सांगतो. सांगशीन नाही न माय?"

"नाही बाबा," ती म्हणाली. तिला सायकलवरची ती सकाळ आठवली, बाबांच्या घामेजलेल्या सदऱ्याला धरून ती मागे बसली होती.

डॉक्टर आले. तरुण होते, घाईत होते. "कळा थांबवायला हव्यात, बाळ फार लहान आहे. सिस्टर, इंजेक्शन भरा, सलाईन जोरात सोडा." मग उत्कर्षाकडे वळून ते म्हणाले, "या औषधाने हृदय जरा जोरात पळतं. धडधडलं तरी घाबरायचं नाही."

सिस्टर ट्रेमध्ये सुई भरू लागली. द्वारकाबाई उशाशी उभ्या होत्या, सुनेच्या केसांवरून हात फिरवत होत्या. तो हात आता थांबेल, उत्कर्षाला वाटलं. बोलले की तो हात थांबेल. आणि त्याच वेळी तिला अकोल्याचे डॉक्टर ऐकू आले, आईला बजावत होते: या मुलीचं हृदय जोरात पळू देऊ नका, त्याला झेपणार नाही. पोटात बाळाने पाय झाडला. सिस्टरने कापूस दंडाला लावला.

"थांबा!"

आवाज एवढा मोठा होता की सिस्टरचा हात मागे गेला.

"मला हृदयाचा आजार आहे. अकरा वर्षांची असल्यापासून. डावीकडची झडप आवळलेली आहे. दर एकवीस दिवसांनी इंजेक्शन घ्यायचे, ते सहा महिने घेतलं नाही." ती धापा टाकत होती. "आई, मी मंडईत भाजीसाठी जात नव्हते."

केसांवरचा हात थांबला.

डॉक्टरांनी तिला डाव्या कुशीवर वळवलं आणि डोळे मिटून बराच वेळ छातीचे ठोके ऐकले. उठले तेव्हा त्यांच्या कपाळावर घाम होता. "सलाईन बंद. ते इंजेक्शन टाकून द्या. हृदयाच्या डॉक्टरांना बोलवा, लगेच." मग हळू आवाजात म्हणाले, "दिलं असतं तर फुप्फुसात पाणी भरलं असतं. दोघांनाही वाचवणं कठीण होतं."

द्वारकाबाई बाहेर बाकावर जाऊन बसल्या. योगेश धावत आला तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "आपल्याले फसवलं, बापू."

योगेश भिंतीला टेकून उभा राहिला. म्हणाला, "ऑफिसात विम्याची माहिती भरताना मी तिघांच्याही आजाराच्या रकान्यात नो क्लिक केलं होतं, आई. लंच ब्रेकमध्ये. तिला विचारलंच नव्हतं. तुलाही नाही."

दुसऱ्या औषधाने कळा थांबल्या. मुलगी आठव्या महिन्याच्या शेवटी झाली, पावणेदोन किलोची. तिला तीन आठवडे काचेच्या पेटीत ठेवलं. विमा कंपनीने एकही प्रश्न न विचारता मंजुरी दिली. घरात मात्र मंजुरी मिळायला वेळ लागला. द्वारकाबाई बाळाला न्हाऊ घालायच्या, सुनेला पथ्याचं वाढायच्या, आणि तिच्याशी बोलायच्या नाहीत. दुर्गाबाई आठवडाभर येऊन राहिल्या, विहीणबाईंसमोर मान वर न करता परत गेल्या. बद्रीनाथ फोनवर फक्त बाळाची चौकशी करत.

बाळाच्या तिसऱ्या महिन्यात, एका सकाळी, चिंचवडहून द्वारकाबाईंना फोन आला. अपूर्वाला पाहून गेलेल्या मुलाची आई होती. लग्नाआधी थोरल्या मुलीच्या सासरी चौकशी करायची आपली रीत. उत्कर्षा बाळाला घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. पलीकडचा आवाज तिला ऐकू येत नव्हता, पण प्रश्न माहीत होता.

"माणसं चांगली आहेत," द्वारकाबाई म्हणाल्या. "आजार? हो, मोठीले आहे. हृदयाचा. धाकटीचं मले ठाऊक नाही, तिलेच विचारा, तोंडावर विचारा. नाही, आमाले लग्नात सांगितलं नव्हतं."

पलीकडून बरंच काही बोललं गेलं असावं. द्वारकाबाईंनी पदराने मान पुसली.

"फसवलं म्हणता? मी बी तेच म्हणत होते. तीन महिने म्हटलं. मंग मी मनाले विचारलं, त्यायनं सांगितलं असतं तं मी काय केलं असतं? उंबऱ्यातूनच परत गेले असते, बाई. मले माहीत होतं न, म्हणून त्यायलेही माहीत होतं. सांगितल्यावर तुमी काय करान ते पयले ठरवा, अन् मंग विचारा."

त्यांनी फोन ठेवला. कॅलेंडरकडे पाहिलं. तिथे मंगळवाराच्या चौकटीत योगेशने लाल पेनाने गोल केला होता.

"आज तुही सुई आहे न? पोरीले दुपट्यात घे. मी बी येते."

उत्कर्षाने बाळाला दुपट्यात गुंडाळलं. सवयीने तिचा हात दारामागच्या खिळ्याकडे गेला, जिथे भाजीची पिशवी टांगलेली असे.

"ते कायले पायजे आता?" द्वारकाबाई चपला घालत म्हणाल्या. "राहू दे."

पिशवी खिळ्यावरच राहिली आणि त्या तिघी जिना उतरल्या.