तेवीस किलोंतले माझे चार

मी वरवंटा बोलतोय. रंगानं काळा, अंगानं गोल, दोन्ही टोकांना झिजलेला आणि वजनानं चार किलो. वजन आधीच सांगून टाकतो, कारण माझ्या आयुष्यातली सगळी भांडणं त्याच्यावरूनच झाली.

दगडाला तोंड फुटलं म्हणून हसू नका. तुमच्या घरात तो मिक्सर सकाळी उठून कोकलतो, तेव्हा कुणी हसत नाही.

मला घडवलं पाचोडच्या फकिरा पाथरवटानं. दगडाला छिन्नी लावायच्या आधी तो बोटाच्या पेरानं टकटक वाजवायचा आणि कान लावून ऐकायचा. पोकळ आवाज आला की दगड बाजूला. माझा आवाज ऐकला नि म्हणाला, "हा टिकतोय." एकाच दगडातून त्यानं पाटा काढला आणि मला काढलं. आठवडी बाजारात आम्ही मांडलेले होतो, तिथून एका बापानं लेकीच्या लग्नासाठी आम्हाला उचललं. ती लेक म्हणजे वच्छला. आजची वच्छलाबाई.

लग्न लागलं आणि वऱ्हाड एसटीनं वैजापूरला निघालं. पाटा वर टपावर गेला. मला मात्र वच्छलानं पदराखाली घेऊन मांडीवर ठेवलं. कंडक्टर आला.

"नवरीबाई, मांडीवर काय?"

"लेकरू हाय."

"आजच लगीन आन् आजच लेकरू?"

सगळी गाडी हसली. नवरदेव खिडकीतून बाहेर बघायला लागला. पण ही पोर काही खाली बघेना. म्हणाली, "तीन वर्साच्या आतलं हाय. तिकीट लागत नाय." कंडक्टरनं पदर बाजूला करून मला पाहिलं, कपाळाला हात लावला आणि पुढच्या बाकाकडं गेला. माझा पहिला प्रवास असा फुकटात झाला. तेव्हाच मला कळलं, ही बाई मला कुठं सोडायची नाही.

वैजापुरात मी खूप कामं केली. मिरचीचा ठेचा, जवसाची चटणी, होळीचं पुरण. वाटणारे हात बदलले नाहीत, नुसते खरबरीत होत गेले. पण माझं मोठं काम वेगळंच. ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो.

आमच्याकडं बारसं असलं, की पाळण्यात आधी बाळ घालत नाहीत. आधी मी. मला धुतात, हळदकुंकू लावतात, टोपडं घालतात, बाळाच्या दुपट्यात गुंडाळतात. बाया पाळण्याच्या वरून-खालून मला एकमेकींच्या हातांत देतात आणि मग पाळण्यात निजवतात. मी जागा करून दिली, की मग बाळ. काय इडापिडा यायची ती आधी दगडावर यावी, त्यानं ती पचवावी आणि लेकरू दगडासारखं घट्ट निघावं, एवढाच त्यातला अर्थ. वच्छलाबाईच्या दोन्ही पोरांच्या आधी पाळण्यात मी होतो. तिची नात सायली जन्मली, तिच्याही आधी मीच.

सायली चार वर्षांची असताना तिची आई गेली. मग ती पोर आजीच्या पदराला बांधल्यासारखी वाढली. आजी वाटायला बसली, की ही समोर. तिला बाहुली नव्हती असं नाही, पण तिला मीच लागायचो. मला फ्रॉक घालायची, मला झोपवायची आणि "आजी, हा रडत का नाही गं?" म्हणून विचारायची. आजी म्हणायची, "त्यो दुसऱ्यायचं रडणं घेतो. त्याला सवड कुठंय?"

पुढं मिक्सर आला आणि माझे दिवस फिरले. कुटुंब वैजापूर सोडून शहरात सिडकोत आलं, तेव्हा पाट्याला गॅलरीत टाकलं नि मला दाराला टेकू म्हणून लावलं. कितीतरी वर्षं मी दार धरून उभा राहिलो. येता-जाता प्रत्येकाच्या पायाची करंगळी माझ्यावर आपटायची आणि शिव्या मला. चालायचं ते बघत नाहीत, उभा असतो त्याला बोलतात. माणसांची ही खोड मी दारात उभा राहून पुरती ओळखली.

मग सायलीचं लग्न झालं. तिचा नवरा अभय नोकरीसाठी कॅनडाला गेला, मधे एकदा सुट्टीत येऊन गेला, आणि वर्षभरानं हिचेही कागद झाले. ही तेव्हा पाच महिन्यांची गरोदर. तिकीट आलं त्या दुपारी आजीनं विचारलं,

"परतीचं कव्हाचं हाय?"

"परतीचं नाही, आजी. एकाच बाजूचं आहे."

आजीनं चष्मा काढला, पुसला, परत घातला. "बरं," ती म्हणाली. "मी बी पाचोडहून एकाच बाजूचं घेऊन आले व्हते. मला कुठं कुणी परतीचं दिलतं?" मग उठली, दारापाशी आली, मला दोन्ही हातांनी उचललं नि सायलीच्या पुढ्यात ठेवलं. "ह्याला ने."

मेघाकाकू तिथंच बसलेल्या. त्या वच्छलाबाईच्या धाकट्या सूनबाई. त्यांचा मुलगा जर्मनीत, त्यामुळं परदेशी सामान बांधण्यात त्यांच्या शब्दापुढं घरात कुणाचा शब्द नाही. दोन बॅगा, प्रत्येकी तेवीस किलो, त्याच्यावर एक चमचाही नाही, हे त्यांनी सगळ्यांकडून पाठ करून घेतलं होतं.

"आत्याबाई, लोक तेवीस किलोत संसार बसवतात, आन् तुम्ही त्यातले चार किलो दगडाला देता? कॅनडात दगड नसत्यात व्हय?"

"असतील की. लई असतील."

"मग?"

"ते ह्या घरच्या कुणाच्या पाळण्यात निजलेत का, इचारून ये."

मेघाकाकूंनी हात झटकले. "न्या बाई, न्या! उद्या पाटा बी न्या."

पाट्याचं म्हणाल, तर तो एकटाच पुऱ्या एका बॅगेचं वजन खातो. त्याला न्यायचा प्रश्नच नव्हता. एका दगडातून निघालेले आम्ही, पण फारकत झाली ती अशी. मी दारात, तो गॅलरीत, वर्षानुवर्षं समोरासमोर असूनही बोललो नव्हतो. त्या दिवशी बोलावंसं वाटलं. पण दगडांना उशीर झाला तरी कळत नाही.

निघायच्या आदल्या दिवशी बॅगा भरल्या. सायलीचे वडील बद्रीनाथ हे वैजापूरच्या मार्केट यार्डात तीस वर्षं मापाडी. कांद्याचं, मक्याचं पोतं काट्यावर चढलं आणि त्यांनी आकडा पुकारला, की शेतकरी आणि व्यापारी दोघंही मान डोलवायचे. निवृत्त झाल्यावर पहिल्यांदाच असं मोठं काम आलं होतं. त्यांनी कुठून तरी काटा आणला, दाराच्या वरच्या कडीला टांगला, धोतराचा सोगा खोचला.

कपड्यांची बॅग झाली. मग माझी. आत कुकर, ज्वारीचं पीठ, काळा मसाला, औषधं आणि मधोमध, आजीच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेला मी. बद्रीनाथांनी एक डोळा बारीक केला आणि यार्डातल्या सुरात आवाज दिला,

"सत्तावीऽऽस! बारदाना वजा चार. निव्वळ तेवीऽऽस!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. यार्डात पोत्याचं वजन वजा करूनच माल धरतात. रिकाम्या बॅगेचं वजन म्हणजे बारदाना, तो मालात कसा धरायचा? त्या माणसाला तीस वर्षांत कुणी उलट विचारलं नव्हतं, मग आता कोण विचारणार? मेघाकाकूंनी विचारलं असतं, पण त्या तेव्हा लोणच्याच्या बरणीला चिकटपट्टी लावत होत्या.

सकाळी सगळे चिकलठाण्याच्या विमानतळावर. तिकीट नसेल त्याला काचेच्या आत सोडत नाहीत. आजी, बद्रीनाथ, मेघाकाकू बाहेर राहिले. सायली एकटी आत आली. पोटावर एक हात, ढकलगाडीवर दुसरा.

आधी मशीनमधून बॅगा गेल्या. तिथल्या साहेबानं बॅग उघडायला लावली.

"मॅडम, ये क्या है?"

"पत्थर है."

"पत्थर क्यों?"

"घर का है," सायली म्हणाली.

त्यानं लुगडं बाजूला केलं आणि बोटाच्या पेरानं मला टकटक वाजवलं. माझ्या अंगावर काटा आला. फकिरानंतर इतक्या वर्षांनी कुणीतरी माझा आवाज ऐकला होता! "ठीक है, जाइए," तो म्हणाला.

पण खरी अडचण पुढं होती. कपड्यांची बॅग काठावर पास झाली, कारण कपड्यांनी जागा भरली होती, वजन नाही. माझी बॅग पट्ट्यावर चढली आणि लाल आकडा लागला. सत्तावीस.

"चार किलो जास्त आहे, मॅडम," काउंटरवरची मुलगी म्हणाली. "जादाचे पैसे भरा, नाहीतर काहीतरी काढा."

भरायचे ते पैसे ऐकून सायलीचा चेहराच उतरला. तिनं फोन लावला. बद्रीनाथांचा आवाज फोनमधून नि काचेच्या पलीकडून, असा दोन्हीकडून आला.

"अगं, बारदाना वजा करायला सांग त्या पोरीला! चार किलोची नुसती बॅगच हाय!"

"बाबा, इथं बारदान्यासकट धरतात."

"हे कुठलं माप? माल इकडं, पोतं तिकडं. मी तीस वर्षं..."

"बाबा."

पलीकडं फोन कानावरून खाली आला. सगळ्या जन्माचा हिशोब चुकल्यासारखा तो माणूस काचेपाशी उभा राहिला. सायलीला ते दिसलं.

काउंटरच्या मुलीनं बॅगेत डोकावून पाहिलं आणि माझ्याकडं बोट केलं. "हा दगड काढला तर बरोबर बसतंय, बघा."

बसतच होतं. मी चार, जास्तीचे चार. एवढा बरोबर हिशोब माझ्याविरुद्ध आजवर कधी जुळला नव्हता. मनात म्हटलं, झालं. आता परत दार धरायचं.

सायली ढकलगाडी घेऊन काचेच्या दारापाशी परत आली. पहारेकऱ्यानं दार जरासं उघडू दिलं. मेघाकाकूंनी दोन्ही हात पुढं केले. "आण, आण इकडं तो दगड. मी म्हणलंच व्हतं!"

सायलीनं आजीकडं पाहिलं. "आजी, काय काढू?"

"मी सांगणार नाय," वच्छलाबाई म्हणाली. तिची मान ताठ होती. "गाडीत बसताना मला बी कुणी सांगितलं नव्हतं. तुझ्या अकलेनं काढ."

सायलीनं बॅगेत हात घातला. तिचा हात माझ्यावर आला, थांबला, आणि बाजूला सरकला. मेघाकाकूंच्या पसरलेल्या हातांवर तिनं कुकर ठेवला. कुकरवर पिठाची पिशवी ठेवली.

"अगं बया! कुकर? मग वरण कशात शिजवशील?"

"कुकर तिकडं मिळतो, काकू."

"आन् दगड नाय मिळत?"

"मिळतो. पण त्यानं मला पाळण्यात जागा करून दिलेली नसते."

मेघाकाकू कुकर पोटाशी धरून उभ्या राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "पाय जपून टाक गं. तिकडं बर्फ असतो."

आजीनं दाराच्या फटीतून हात घातला आणि सायलीच्या नाही, माझ्या अंगावर ठेवला. "तिकीट लागत नाय ह्याला," ती पुटपुटली. मग दार बंद झालं.

काउंटरवर आकडा लागला, तेवीस. मी चार किलो तिथं ऐटीत बसलो होतो.

आता मी कॅनडात आहे. खिडकीच्या कट्ट्यावर. बाहेर इतका बर्फ, की वाटतं पिठाची पिशवी इथंच फुटली. अभयनं पहिल्या दिवशी बॅग उघडून डोकं धरलं. "कुकर नाही आणि दगड आहे?" पंधरा दिवस पातेल्यातलं वरण खाल्लं त्यानं. सोळाव्या दिवशी लाकडी फळीवर माझ्याकडून मिरच्या ठेचून घेतल्या आणि डोळे पुसत म्हणाला, "आत्ता घरी आल्यासारखं वाटतंय." मिरचीमुळं पुसत होता की कशामुळं, मी विचारलं नाही.

आणि बाळ आलं. मुलगी. फोनच्या पडद्यावर सगळे जमले होते. बद्रीनाथांनी पहिला प्रश्न विचारला, "वजन?"

"सव्वातीन किलो, बाबा," सायली म्हणाली. "निव्वळ."

तीस वर्षांचा मापाडी डोक्यावरची टोपी तोंडावर घेऊन हसला आणि बराच वेळ टोपी काढेना.

आज बारसं आहे. सिडकोतल्या गॅलरीत आजीनं पाट्याला हळदकुंकू लावून फोन त्याच्यासमोर धरलाय. तो मला दिसतोय, मी त्याला. माझ्या डोक्यावर आजीच्या लुगड्याचं टोपडं आहे. इथला पाळणा हलत नाही, चार बाजूंनी गज आहेत, आणि अभय विचारतोय, "दगड ठेवला तर चालेल ना ह्याच्यात?" सायली मला उचलतेय.

वाचणारे हो, तुमच्या घरचा वरवंटा दाराला लावला असेल तर उचला त्याला. कुठं लांब निघालात तर बॅगेत कुकरच्या आधी त्याचं बघा. सत्तावीस भरले तर भरू द्या, काय काढायचं ते आपल्या अकलेनं काढा.

पोरीचं नाव काय ठेवायचं ते माणसांनी ठरवावं. मला निजवताहेत. गादी मऊ आहे, माझ्यासाठी फारच मऊ. बर्फ असो, थंडी असो, परका मुलूख असो, ह्या पोरीला जे काही भिडायला येणार असेल, त्यानं आधी माझ्याशी भिडावं. मी आधीच येऊन बसलोय.