बियांका आली आणि माझ्या पोटात दुखू लागलं

मी एक जुना लेथ आहे. लोखंडाचा दांडा जबड्यात धरायचा, गरागरा फिरवायचा आणि हत्याराला तासू द्यायचा, हे माझं काम. अंग हिरवं, हातचाकं हात लागून लागून गुळगुळीत झालेली. आणि स्वभाव जळका. हे आधीच सांगून टाकतो, मित्रांनो, म्हणजे मागाहून कुणी म्हणायला नको की म्हाताऱ्यानं लपवलं.

माझा जन्म ओतशाळेतला. वितळलेलं लोखंड साच्यात ओतून माझा देह घडवला आणि मग कितीतरी महिने तो उघड्यावर ऊन-थंडी खात ठेवला. लोणचं मुरवतात ना, तसं मला मुरवलं. मुरलेलं लोखंड पुढे वाकडं होत नाही. हल्लीच्या यंत्रांना कुठली एवढी सवड!

ओरेस्ते सगार्झीनं मोटारसायकलच्या कारखान्यातली नोकरी सोडली आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर घालून मला इटलीतल्या क्रेवाल्कोरे गावी आणलं. घरामागच्या गोठ्यात. त्याची बायको आर्जिया कमरेवर हात ठेवून दारातच उभी होती.

"गाई विकून हा लोखंडी बैल आणलास? दूध देणार आहे का हा?"

"देईल. जरा कळ काढ."

"मी कळच काढतेय, लग्न झाल्यापासून."

पण दिलं हो मी दूध! आधी शेतकऱ्यांच्या ट्रॅक्टरची बुशिंगं, म्हणजे आसाभोवती बसणाऱ्या नळ्या, केली. मग चॉकलेटला कागद गुंडाळणाऱ्या यंत्रांचे फिरते, मधे भोक असलेले रूळ आले. त्यात केसाएवढा फरकही चालत नाही. "सगार्झीकडचा माल पुन्हा मोजायला नको," असं लोक म्हणायला लागले आणि मला आकाश ठेंगणं झालं. आर्जियाही निवळली. थंडीत ती सलामीचे, म्हणजे खारवलेल्या मांसाचे काप घातलेला पाव माझ्या डोक्यावर उबेला ठेवायची आणि मी तो शेकून द्यायचो.

सुख फार दिवस टिकलं नाही. मुलगी झाली, एडा, आणि ओरेस्ते काम टाकून पाळण्यापाशी पळू लागला. माझा जळफळाट तिथूनच सुरू झाला. मग मिलिंग मशीन आलं. मग ग्राइंडर आला, सदा शिंकणारा. दुसरा लेथ आला, माझ्याहून लांब, अक्कल आखूड. गोठा पुरेना म्हणून गावाबाहेर मोठी शेड बांधली, माणसं ठेवली. सगळे म्हणत, सगार्झींची भरभराट झाली. मला मात्र प्रत्येक नवं यंत्र डोळ्यांत खुपायचं.

तरी एक मान माझाच होता. एक डिसेंबरला संत एलिजिओचा सण असतो, आम्हा लोखंडवाल्यांचा संत. त्या दिवशी शेडचं मोठं दार सताड उघडतात, गावकरी येतात, फादर यंत्रांवर पवित्र पाणी शिंपडतात. ओरेस्तेचा एक हट्ट होता. "बंद यंत्राला दिलेला आशीर्वाद गळून पडतो. यंत्र चालू पाहिजे, आणि खरं काम करत पाहिजे." पण गोंगाटात फादरची प्रार्थना ऐकू येईना, म्हणून दरवर्षी बाकीची यंत्रं बंद व्हायची आणि एकच चालू राहायचं. मी. पहिलं पाणी माझ्यावर पडायचं. बाकीचे नुसते बघत राहायचे, आणि मला ते फार आवडायचं.

पुढे ओरेस्तेचे हात थरथरू लागले. कारखाना एडानं हाती घेतला आणि तिनं सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणारं यंत्र आणलं. पांढरंशुभ्र, काचेच्या खिडकीचं, आकडे भरले की आपलं आपण चालणारं. एडानं तिचं नावही ठेवलं, बियांका, म्हणजे पांढरी. नाव! माझं नाव इतक्या वर्षांत कुणी ठेवलं नाही. मी आपला 'लेथ'. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मला पाय चार आहेत, तेव्हा आगही तेवढी.

त्या वर्षी संत एलिजिओच्या दिवशी एडानं मलाही बंद केलं. चालू राहिली बियांका. तिच्या पोटात बोलोन्या शहरातल्या एका मोठ्या गिऱ्हाइकाचे रूळ होत होते. दार उघडलं तसं धुकं आणि गारठा आत शिरला. फादर रेमोंनी पहिलं पाणी बियांकावर शिंपडलं आणि मग सगळे तोर्तेल्लीनीचे, म्हणजे सारण भरलेल्या पास्त्याचे वाटगे घेऊन टेबलाशी बसले. लाम्ब्रुस्को वाइन वाहत होती. दार तसंच उघडं.

"नाताळनंतर भंगारवाला येतोय," एडा बापाला म्हणाली. "जुन्या लेथच्या जागी दुसरी बियांका येईल."

ओरेस्तेचा चमचा वाटग्यातच राहिला. "आणि मी? मला पण त्याच गाडीत घालणारेस का?"

"बाबा, सणाच्या दिवशी नको ना."

"तूच काढलास विषय," आर्जिया म्हणाली. "जेव आता."

भंगार! मी तिथं बंद पडून सगळं ऐकत होतो. त्या पांढरीचं वाटोळं होवो, असं मी म्हटलं, मित्रांनो. अगदी मनापासून म्हटलं.

आणि झालंही तसंच. दुसऱ्या दिवशी, शनिवारी, एडानं रूळ मोजले. दारातल्या गारठ्यानं बियांकाचं अंग आखडलं होतं आणि सणाच्या नादात कुणी मध्ये मोजलं नव्हतं. झालेले सगळे रूळ वीस मायक्रॉननं जाड. म्हणजे केसाचा जेमतेम चौथा हिस्सा, पण गिऱ्हाइकाला तेवढंही चालणार नव्हतं. मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. बरी खोड मोडली!

पण एडा बियांकाला टेकून मटकन खाली बसली. "सोमवारी माल गेला नाही तर ते काम दुसऱ्याला देतील. या एका गिऱ्हाइकावर सगळं चाललंय, आई. ते गेलं की शेडला कुलूप."

कुलूप म्हटल्यावर माझ्या उकळ्या विझल्या. कुलूप मला नको होतं. मला फक्त बियांका नको होती.

"जाड आहेत ना? बारीक तर नाहीत?" ओरेस्ते म्हणाला. "मग रड कसली? पुन्हा हलकंसं तासायचं."

"रूळ पुन्हा धरू कशावर? त्याच्या भोकात नेमका बसणारा दांडा पाहिजे. बियांका थांबवता येत नाही, उरलेले रूळ आज व्हायलाच हवेत. दांडा करायचा कुठं? त्या लांब लेथवर एवढं नेमकं जमत नाही."

दोघांनी एकदम माझ्याकडे पाहिलं. आता आठवण झाली होय!

एडानं मला सुरू केलं, गरम होऊ दिलं आणि जबड्यात पोलाद धरलं. माझ्यावरच ती हे काम शिकली होती. आता एक गोष्ट सांगतो. हत्यार पुढेमागे नेणारी माझी आडवी सरक वयानं ढिली झाली आहे. शेवटच्या कापाला ती एवढीशी निसटली असती तर दांडा बिघडला असता, आणि कुणी मला दोष दिला नसता. म्हातारा आहे, म्हटलं असतं. बियांकाची कायमची फजिती झाली असती. मला मोह झाला, फार झाला.

"आता हळू," ओरेस्ते मागून म्हणाला.

"बाबा, मला भीती वाटतेय."

"वाटू दे. चाक सोडू नकोस म्हणजे झालं."

तिचा घामेजलेला हात माझ्या चाकावर घट्ट होता. पाळण्यातली तीच ती पोर, जिच्यावर मी पहिल्यांदा जळलो होतो. आता तिला माझ्याशिवाय कुणी नव्हतं. मी सरक दातओठ खाऊन धरून ठेवली. दांडा रुळाच्या भोकात असा बसला की आर्जियानं एडाच्या पाठीत आनंदानं धपाटाच घातला.

संध्याकाळी तो दांडा बियांकाच्या पोटात गेला. माझ्या हातचं, तिच्या पोटात! रविवारभर तिनं सगळे रूळ पुन्हा तासले. सोमवारी गिऱ्हाइकाचा माणूस आला, मोजून खूश झाला आणि तिच्या काचेवर थाप मारून म्हणाला, "वा! काय मशीन आहे!"

माझ्याकडे त्यानं पाहिलंसुद्धा नाही. त्या थापेची सल अजून गेलेली नाही.

एडानं मात्र तो गेल्यावर भंगारवाल्याला फोन केला. "येऊ नका. नाही, नंतरही नको." मग मला जुन्या जागेवरून सरकवून बियांकाला खेटून उभं केलं. आता तिला लागणारे दांडे, बुशिंगं मी करतो. तिचा तोरा तसाच आहे. मी अजून जळतो, रोज जळतो. पण सकाळी तिचा दिवा लागायला उशीर झाला की माझा जीव खालीवर होतो, हेही खरं आहे. कुणाला सांगू नका.

तर मित्रांनो, तुमच्या घरी नवं काही आलं तर जरूर येऊ द्या, त्याचं कौतुकही करा. पण जुन्याला अडगळीत टाकू नका. त्याला नव्याच्या शेजारी जागा द्या, हाताला काम द्या. शेजारी असलं की निदान भांडता येतं. अडगळीत नुसतं गंजावं लागतं.